एम्बसीची टिकली

एम्बसीची टिकली मी सगळ्यात आधी शेजारच्या चौगुल्यांच्या म्हशीला लावून बघितली. पाकिटात एक जादा आली होती, वाया कशाला घालवायची? पाच मिनिटांत मोबाईलवर निरोप आला: ‘अर्जदार अत्यंत शांत. जोखीम दोन टक्के. आपला प्रवास सुखाचा होवो.’

म्हैस रवंथ करत होती. मी तिला म्हणलं, तुझं झालं, आता फक्त पासपोर्ट काढ.

ही गोष्ट आमच्या हेर्लेकर बाईंची आहे, म्हशीची नाही. पण तो दोन टक्के आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी धनंजय चिप्रीकर. सांगलीत गणपती पेठेत वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. वय बावन्न. अक्कल, बायकोच्या मते, चौथीत अडकलेली. तिचं बरोबरच आहे, कारण आमची चौथीची अख्खी तुकडी अजून एकत्र आहे. मोबाईलवर ग्रुप आहे, वर्षातून एकदा जेवण आहे, आणि जेवणाला बाई येतात. बाई आल्या की आम्ही सगळे, कुणाला नातू झालाय, कुणाचं पोट पट्ट्याबाहेर आलंय, तरी उठून उभं राहतो आणि एका सुरात ‘नमस्ते बाई’ म्हणतो. हॉटेलवाला दरवर्षी दचकतो.

बाईंनी चौतीस वर्षं चौथीला शिकवलं. त्यांचा भूगोलाचा एक तास ठरलेला. ज्वालामुखी. फळ्यावर उभा चिरलेला डोंगर, मधोमध लाल खडूची नळी, वर पिवळ्या ठिणग्या. तो फळा आठवडाभर कुणी पुसायचा नाही. चौतीस वर्षं, चौतीस डोंगर.

गेल्या जेवणाला बाईंनी पुरणपोळी अर्धी ठेवली. आमच्यातली नसीम मुजावर मिरजेत हृदयाच्या वॉर्डला सिस्टर आहे. तिनं नुसतं बघितलं बाईंकडं.

बाई म्हणाल्या, "झडप झिजलीय म्हणतात. ह्या वयात चिरफाड नको. वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा." गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "एकच राहिलंय. मी जे शिकवलं ते खरं आहे का, ते डोळ्यानं बघायचंय. पुस्तकात बघून काढायचे रे मी. पुस्तकवाल्यानं तरी कुठं बघितलं असेल?"

झालं. दोन महिन्यांत एकवीस जण तयार झालो. बेटही ठरलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. उत्तरेकडं समुद्रात आहे, गारठा आहे, आणि तिथला एक डोंगर गेली सहा वर्षं रोज शिस्तीत लाव्हा ओततोय. समोरच्या कड्यावर कठडा बांधलाय. जगभरची माणसं तिथं उभी राहून आइस्क्रीम खातात. शिवाय तिथल्या आपल्या एम्बसीत आमचाच मुळीक नोंदणी अधिकारी होता. परदेशात ओळखीचा माणूस असलेला बरा, असं आम्हाला वाटलं. चूक नंबर एक.

मुळीक आमच्या वर्गाचा मॉनिटर. बाई बाहेर गेल्या की हा फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहायचा. पहिलं नाव रोज माझं. मी रोज उठून पुसायचो, तो रोज परत लिहायचा. अक्षर मात्र मोत्यासारखं.

आता टिकलीचं सांगतो.

परदेशात जायच्या आधी एम्बसीत नाव नोंदवायचं, हे पूर्वीपण होतं. नाव, पासपोर्टचा नंबर, हॉटेलचा पत्ता, घरच्या माणसाचा फोन. उद्या तिथं काही उलटंसुलटं झालं तर आपली माणसं कुठं आहेत ते कळावं म्हणून. पण भरत कोण होतं? आपल्याला काय होतंय, म्हणून सोडून द्यायचो. मग एका मोठ्या भूकंपात नोंदणी न केलेली कितीतरी माणसं शोधताच आली नाहीत, आणि टिकली आली. आता टिकलीशिवाय विमानात पाय ठेवू देत नाहीत.

टिकली म्हणजे गळ्याच्या हाडाखाली चिकटवायचा कुंकवाएवढा तुकडा. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक बारीकशी वीज असते. त्या विजेच्या लाटेचा आकार अंगठ्याच्या ठशासारखा, ज्याचा त्याचा वेगळा. टिकली ती लाट वाचते आणि एम्बसीच्या यंत्राला कळवते. यंत्राचं नाव पाठराखा. माणूस ढिगाऱ्याखाली बेशुद्ध पडला तरी पाठराख्याला कळतं की हा अमुक, जिवंत आहे, इथं आहे. हे काम सोन्यासारखं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण यंत्राला अक्कल दिली की ते दिलेल्या कामावर थांबत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. भीती, घाई, हट्ट, सगळं त्या अंतरात उतरतं. कोट्यवधी प्रवाशांचे ठोके वाचून पाठराखा शिकला की माणसाचं काहीतरी बिनसायच्या आधी ही अंतरं कशी बदलतात. मग तो आधीच सांगायला लागला. जोखीम सत्तरच्या वर गेली की ‘परतीचा सल्ला’. नाव सल्ला, पण तो आला की हॉटेलच्या खोलीचं दार बाहेर सोडत नाही, बस हलत नाही, आणि तुमचं तिकीट आपोआप दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं होतं.

जोखीम मोजायची तर आधी शून्य पाहिजे. म्हणून नोंदणीच्या वेळी माणसाला पाच मिनिटं शांत बसवतात आणि त्याचे ठोके टिपून घेतात. ते त्याचं शून्य. पुढचं सगळं त्या शून्यापासून तो किती हलला, त्यावर.

आमची नोंदणी आम्ही आमच्या जुन्या शाळेतच ठेवली. चौथीचाच वर्ग, तेच बाक. गुडघे बाकाखाली जाईनात. एजंट पोरगेलासा होता. सगळ्यांना टिकल्या लावल्या आणि म्हणाला, "आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. एकदम शांत." आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याखाली टिकली. समोर एकवीस जण नुसते बसलेले. मिनिटभर सहन केलं त्यांनी.

"एवढे घोडे नुसते बसवून ठेवायचे?" बाई म्हणाल्या. "चला. एकोणतीसचा पाढा."

आणि आम्ही सुरू केलं. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. बाईंची छडी नव्हती, पण बोट टेबलावर पडत होतं. संपला की परत पहिल्यापासून. एजंट आत आला तेव्हा बावीसच्या बावीस हिरवे दिवे लागले होते. तो खूश, आम्ही खूश. चूक नंबर दोन. पण ही चूक पुढं आमचं दैवत झाली.

बेटावरचा तिसरा दिवस ज्वालामुखीचा. सकाळी नाष्ट्याला बाई सगळ्यांच्या आधी हजर. नवीन स्वेटर, कानाला मफलर, हातात वही-पेन्सिल. मी म्हणलं, "बाई, परीक्षा आहे काय?"

"असं समज की आहे," बाई म्हणाल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

तेवढ्यात नसीमचा फोन वाजला. नोंदणीत बाईंच्या अडचणीला कळवायचा नंबर तिचा होता. तिनं वाचलं आणि फोन माझ्यापुढं सरकवला. ‘प्रवासी हेर्लेकर. जोखीम ९१ टक्के. परतीचा सल्ला लागू.’

चौगुल्यांच्या म्हशीला दोन, बाईंना एक्क्याण्णव.

अर्ध्या तासात मुळीक स्वतः आला. सूट, टाय, केस पांढरे, चालणं मात्र तेच, छाती पुढं. आधी वाकून बाईंच्या पाया पडला.

"मोठा झालास रे मुळीक," बाई म्हणाल्या. "जेवतोस ना वेळेवर?"

"हो बाई. बाई, मी माफी मागायला आलोय. तुम्हाला आज खोलीतच थांबावं लागंल. उद्या सकाळी विमान आहे, मी स्वतः सोडायला येतो."

मी मध्ये पडलो. "मुळक्या, डोंगर समोर दिसायलाय. तासाभराचा रस्ता. तिथं नव्वद वर्षांचे गोरे म्हातारे आइस्क्रीम खायलेत."

"त्यांच्या एम्बसीला पाठराखा नाही."

"मग बरंच आहे की त्यांचं."

"धन्या, प्रत्येक गोष्टीची मस्करी करू नको," मुळीक म्हणाला. आवाज हलला त्याचा. "मागच्या पोस्टिंगला भूकंप झाला. पाठराख्यानं दाखवलं तिथं तिथं आम्ही खणलं, सदतीस माणसं जिवंत काढली. एकानं टिकली काढून खिशात ठेवली होती. अंगाला खाजते म्हणून. तो अकराव्या दिवशी सापडला. त्याच्या आईला फोन कुणी केला? मी केला."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तुझं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी मफलर सोडला, घडी घातली, वहीवर ठेवला. "पण मुळीक, ह्या यंत्राला मला काय होणार आहे ते कळतं, आणि मला काय पाहिजे ते कळत नाही होय रे?"

मुळीकनं मान खाली घातली. बाई सावकाश खोलीत गेल्या. त्यांच्यामागं दार लागलं आणि आत कुलूप पडल्याचा आवाज आला. तो आवाज मला लागला. बाईंना कोंडायचं?

मुळीक ऑफिसला गेला. बाकीची पोरं, म्हणजे बावन्न-बावन्न वर्षांची, खाली बसमध्ये तोंडं पाडून बसली. मी आणि नसीम बाईंच्या दारात जमिनीवर बसलो.

"यंत्र खोटं बोलत नाही, धन्या," नसीम म्हणाली. "झडप तशी आहेच. त्यात आज त्यांना आनंद एवढा झालाय, की ठोके नुसते उड्या मारायलेत. यंत्राला आनंद आणि भीती सारखीच दिसते."

"आणि गेल्या तर?"

"गेल्या तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित होईल. पण इथं खोलीत बसून उद्या परत गेल्या तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टरला शेवट बोलायची गरज नसते.

आतून बारीक आवाज यायला लागला. बाई पुटपुटत होत्या. मन लावायला त्यांची जुनी सवय. एकोणतीस एके एकोणतीस...

नसीमच्या हातातल्या फोनवरचा आकडा हलला. एक्क्याण्णव. ऐंशी. बासष्ट. बाईंना खोकला आला, पाढा थांबला. आकडा परत चढला. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

मी ताडकन उठलो.

"नसीम! काट्यावर दगड ठेवून शून्य लावलंय आपण!"

"काय?"

"अगं, काट्याचं शून्य लावताना पारड्यात चुकून दगड राहिला, तर काटा त्या दगडालाच शून्य समजतो. मग दगड असला की सगळं बरोबर, दगड काढला की वजन चुकीचं. आपलं शून्य लावताना आपण शांत बसलोच नव्हतो. आपण एकोणतीसचा पाढा म्हणत होतो!"

नसीम माझ्याकडं बघतच राहिली. मग तिचं डोकं चाललं. "श्वास," ती म्हणाली. "श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांब जातात. सगळ्यांनी एकत्र म्हणलं की सगळ्यांचा श्वास एक होतो, आणि श्वास एक झाला की ठोक्यांची लय एक होते. एकत्र गाणाऱ्यांचं असंच होतं, हे आम्हाला शिकवलंय. बाई एकट्या म्हणल्या तर मधेच दमतात. सगळ्यांनी धरलं तर..."

"तर बाईंना वाहून नेता येतंय."

मी खाली पळालो. दोन मिनिटांत एकवीस जण हॉटेलच्या बोळात, बाईंच्या दारासमोर ओळीनं उभे. मी बोट वर केलं. बाराचा पाढा म्हणून बघितला, आकडा वर गेला. बाराचे आकडे आखूड, श्वास आखूड. सतराचा, तरी नाही. मग एकोणतीसचा. लांब आकडे, लांब श्वास.

"एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

खोल्यांची दारं उघडायला लागली. रात्रीच्या पायजम्यातला एक गोरा बाहेर आला, त्याला वाटलं प्रार्थना चाललीय, हात जोडून उभा राहिला. आतून बाईंचा आवाज आमच्यात मिसळला. आकडा उतरला. चाळीस. पंचवीस. अकरा. दहा मिनिटं अकराच्या खाली राहिला आणि कुलूप आपोआप सुटलं. ‘परतीचा सल्ला रद्द.’

दारात बाई. "हे काय चाललंय रे?"

"उजळणी, बाई," मी म्हणलं. "तेवढ्यात यंत्राचं मत बदललं. चला."

खोटं बोलताना माझे स्वतःचे ठोके काय करत होते देव जाणे. पण मी पाढा म्हणत होतो. सगळं शून्य.

तिथून पुढं सव्वा तास बसमध्ये फक्त एकोणतीस. घाटात एकोणतीस, बोगद्यात एकोणतीस, बर्फ दिसलं तरी एकोणतीस. कुणी भडंगाची पिशवी उघडली की लय तुटायची, नसीम डोळे वटारायची, पिशवी बंद. ड्रायव्हर तिथलाच, लाल दाढीचा. चौथ्या फेरीला तोही ‘दुणे’ म्हणायला लागला. बाकी काही येत नव्हतं त्याला, पण ‘दुणे’ त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही. बाई खिडकीतून बाहेर बघत आमच्याबरोबर म्हणत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आज बरे तयारीत आहात. शाळेत असताना का नाही झालात?"

कड्याच्या खाली बस थांबली. तिथून कठड्यापर्यंत दोनशे पावलं चढ. गंधकाचा वास, पायाखाली काळी खडी, आणि वळणापलीकडून असा आवाज, की जमीनच गुरगुरतीय. बाईंच्या एका हाताला नसीम, दुसऱ्या हाताला मी. वळण वीस पावलांवर राहिलं होतं आणि मागून ओरडण्याचा आवाज आला.

"थांबा! धन्याऽऽ!"

मुळीक. टाय खांद्यावर, बुटाला चिखल, छातीचा भाता झालेला. त्याच्या हातात एम्बसीची पाटी होती, म्हणजे ते सपाट यंत्र, त्यावर आम्ही बावीस जण बावीस ठिपके.

"बावीस जणांची जोखीम शून्य!" तो धापा टाकत म्हणाला. "एकाच वेळी! ज्वालामुखीवर! असं जगात कुठं होत नाही. मला वाटलं टिकल्या काढून कुठंतरी ठेवल्यात आणि बस दरीत... मी गाडी कशी चालवली मला माहीत नाही..." त्याचे डोळे भरून आले होते. मग त्यानं आमचा पाढा ऐकला. ऐकता ऐकता त्याचं तोंड उघडं पडलं. मॉनिटरच तो, लगेच कळलं त्याला. "तुम्ही... पाढा म्हणून पाठराख्याला फसवलंत?"

पाढा बंद पडला.

बाईंनी माझा हात सोडला. "धन्या. यंत्राचं मत बदललं म्हणालास."

मी पायाखालच्या खडीकडं बघायला लागलो.

"कॉपी केलीस?"

"बाई, तुमच्यासाठी..."

"माझा पेपर तू लिहिलास? एकवीस जणांनी मिळून?" बाई चिडल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या, झडप झिजलेल्या, आणि चौथीच्या वर्गात चिडायच्या तश्शाच. "चौतीस वर्षं मी कॉपी करून कुणाला पास होऊ दिलं नाही. आता मी होऊ? हाताची घडी, तोंडावर बोट. सगळ्यांनी!"

आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी, चारपाच देशांच्या पर्यटकांसमोर, एकवीस प्रौढ माणसांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. ड्रायव्हर आमच्यामागं आला होता. त्यानंही ठेवलं.

मुळीकच्या पाटीवर एक ठिपका पिवळा झाला. मग केशरी. बाई सरळ उभ्या होत्या, वाऱ्यात. पंचेचाळीस. साठ. बहात्तर. ठिपका लाल झाला आणि पाटीवर दोन चौकटी आल्या. ‘प्रवाशाला उचला’ आणि ‘अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर थांबा’.

नसीमनं बाईंचं मनगट धरलं. "बाई, खोटं सांगत नाही. नाडी फार जोरात आहे. धोका खरा आहे."

"माहीत आहे गं मला. मी चौथीची बाई आहे, बालवाडीची नाही." मग त्या मुळीककडं वळल्या. आवाज खाली आला. "मुळीक, ती नोंदणी मी कशासाठी केली? हरवले तर सापडावं म्हणून. बरोबर?"

"हो बाई."

"मी हरवलेय?"

मुळीकनं पाटीवरच्या ठिपक्याकडं बघितलं.

"मी कुठं आहे ते तुला माहीत आहे. इथं. कोण आहे ते माहीत आहे. माझ्या हृदयाचं काय झालंय ते तर तुझ्या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एवढं माहीत असणं तुझं काम, आणि ते तू चांगलं केलंस. सदतीस माणसं काढलीस, मला अभिमान आहे. पण ह्याच्यापुढं काय करायचं ते माझं आहे. हे जे धडधडतंय ना, ते भ्यायल्यामुळं नाही. भ्यायल्यामुळं असतं तरी ते माझंच होतं."

मी तोंडावर बोट ठेवूनच मुळीककडं बघत होतो.

मुळीकनं दुसरी चौकट दाबली.

बाई निघाल्या. नसीम हात धरून होती, बाकी आम्ही चार पावलं मागं. वळण संपलं.

मी त्याचं वर्णन करत बसत नाही, मला येणारही नाही. काळा डोंगर, आणि त्याच्या बुडातून, एका बाजूनं, लाल भडक पाझर. दिवसाउजेडी लाल. मधूनच आत काहीतरी उसळायचं आणि ठिणग्या उंच जाऊन विझून खाली पडायच्या. चेहऱ्याला ऊब लागत होती, मान मात्र गार.

बाई कठड्याला दोन्ही हात लावून उभ्या. पाटीवर चौऱ्याण्णव. नसीमचं बोट त्यांच्या नाडीवर. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी वही काढली, पेन्सिल काढली, आणि भुवया जवळ आल्या.

"अरे," बाई म्हणाल्या. "नळी मधे नाहीये. कडेला आहे."

आम्ही बघितलं. खरंच. डोंगराचं टोक गप्प होतं, लाव्हा कुशीतून येत होता.

"चौतीस वर्षं मी मधे काढली!" बाई हसायला लागल्या. एवढ्या हसल्या, की नसीमनं त्यांना दोन्ही हातांनी धरलं. "मधेपण असते रे, नाही असं नाही. पण कडेलापण असते! कुणी सांगितलंच नाही मला. किती पोरांना चुकीचं शिकवलं मी! वह्या काढा सगळ्यांनी. दुरुस्त करून घ्या."

वह्या कुठल्या? कुणी बिलाच्या मागं काढलं, कुणी बसच्या तिकिटावर, कुणी तळहातावर. एकवीस डोंगर, नळी कडेला. बाईंनी एकेक तपासलं. माझ्यावर बरोबरची खूण करताना म्हणाल्या, "हे तुझं स्वतःचं आहे ना?"

"हो बाई."

त्यानंतर बाई तिथल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, आता ते भडंग काढा. दोनदा घेतलं. पाटीवरचा आकडा हळूहळू साठावर आला, मग पन्नासवर. का आला, ते पाठराख्याला विचारा. आमच्यापैकी कुणी पाढा म्हणत नव्हतं.

मुळीक बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाटी मांडीवर घेऊन बसला होता. नियम होता. सल्ला नाकारला की नाकारणाऱ्याचं नाव आणि त्याला साथ देणाऱ्यांची नावं अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून वर पाठवायची. बोटानं. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. वर मथळा: ‘सल्ला नाकारणाऱ्यांची नावे’. पहिलं नाव धनंजय चिप्रीकर.

"आयला, माझा सल्ला तरी होता काय?"

"तू पहिला असतोस," मुळीक म्हणाला.

दुसरं हेर्लेकर बाई, तिसरी नसीम, मग खाली सगळी तुकडी ओळीनं. तेवढ्यात पाटी किणकिणली. नवीन निरोप. मुळीकनं वाचला, परत वाचला, आणि मला दाखवला. ‘नोंदणी अधिकारी मुळीक. जोखीम ७८ टक्के. परतीचा सल्ला लागू.’ टिकली अधिकाऱ्यांनाही असते, आणि दोनशे पावलं पळत चढला होता बिचारा.

"काय करणार?" मी विचारलं.

मुळीकनं समोर बघितलं. डोंगर ओततच होता. मग त्यानं यादीच्या तळाला, बावीस नावांच्या खाली, सावकाश, सगळे कानेमात्रे नीट काढून, तेविसावं नाव लिहिलं. स्वतःचं.

माझं बोट आपोआप पुढं गेलं. चाळीस वर्षांची सवय.

"पुसू काय?"

"राहू दे," मुळीक म्हणाला. त्यानं पाटी जरा लांब धरून बघितली. "अक्षर बरं आलंय."